आंजर्ल्याच्या घराच्या नोंदी: नंबरचं कुलूप आणि बाबांची हाक

८ ऑक्टोबर २०२३

घर आंजर्ल्यात, तालुका दापोली. जांभ्याचं, कौलारू, पुढे खळं (अंगण) आणि मागे माड-पोफळीची वाडी. पाहुण्यांसाठी तीन खोल्या. एक ओटीला लागून जुनी, दोन वाडीच्या बाजूला सहा वर्षांपूर्वी बांधलेल्या. तिथे आई-बाबा दोघंच असतात. मी पुण्यात नोकरी करते, महिन्यातून दोनदा जाते. बाबा एकाहत्तर वर्षांचे, उजवा गुडघा दुखरा.

पाहुण्यांची व्यवस्था मोबाइलवर न्यायचं काम मी अंगावर घेतलं, त्याचं कारण एकच. गेल्या आठवड्यात एक कुटुंब रात्री पावणेबाराला पोचलं आणि बाबा साडेनऊपासून बॅटरी घेऊन फाट्यावर उभे होते. पाहुण्यांना रेंज नव्हती, त्यामुळे बाबांना घरीही परतता येईना. मला हे दुसऱ्या दिवशी आईकडून कळलं. तेव्हाच ठरवलं, जे जे मोबाइलवर ढकलता येईल ते ढकलायचं आणि बाबांना रात्री झोपू द्यायचं.

आधी मोजणी केली. सप्टेंबरमध्ये ९ बुकिंगं झाली. त्या लोकांचे फोन बाबांच्या मोबाइलमधून काढले तर ९७ निघाले, म्हणजे एका कुटुंबामागे जवळपास अकरा. रस्ता कुठला, गरम पाणी आहे का, गाडी कुठे लावायची, ॲडव्हान्स किती, किनारा चालत जाण्यासारखा आहे का. तेच प्रश्न, तीच उत्तरं.

खर्चाची मर्यादा ४०,००० रुपये. मुदत दिवाळीपर्यंत.

१५ ऑक्टोबर

पहिलं काम व्हॉट्सॲप बिझनेस. बाबांचा नंबर त्यावर नेला. ठरलेली उत्तरं लिहून ठेवली: रस्ता, जेवण, पैसे, गाडी, कासवं. तिरपी रेघ आणि एक शब्द टाइप केला की पूर्ण उत्तर समोर येतं. बाबा दोन दिवसांत शिकले. ज्यांच्या घरी वडीलधारी माणसं हे सांभाळतात त्यांनी इथूनच सुरुवात करावी. पैसे लागत नाहीत आणि उपयोग लगेच दिसतो.

चूक झाली ती स्वागताच्या निरोपात. पहिल्यांदा कुणी लिहिलं की आपोआप उत्तर जातं, एवढंच मी वाचलं होतं. चौदा दिवस बोलणं झालं नसेल तर जुन्या माणसालाही तेच उत्तर जातं, हे वाचलं नव्हतं. साताऱ्याचं एक कुटुंब बारा वर्षं आमच्याकडे येतं. काकांनी लिहिलं, "दिवाळीनंतर येतो म्हणतोय, आंब्याची कलमं कशी आहेत?" त्यांना उत्तर गेलं, "आपल्या चौकशीबद्दल धन्यवाद. आम्ही लवकरच संपर्क साधू." त्यांनी घाबरून आईला फोन केला की नंबर बदललात की काय.

सेटिंगमध्ये हा निरोप कुणाला जावा ते निवडता येतं. "ॲड्रेस बुकमध्ये नसलेल्यांना" हा पर्याय लावला. मग एक संध्याकाळ बसून बाबांच्या वहीतले १८६ जुने पाहुणे फोनमध्ये नावागावासकट सेव्ह केले. हे आधी करायला हवं होतं.

२९ ऑक्टोबर

नकाशा. आजवर आमच्या घराची खूण गावातल्या पाखाडीच्या वरच्या टोकाला होती. पाखाडी म्हणजे जांभ्याच्या पायऱ्यांची वाट, तिथून गाडी येत नाही. नकाशाच्या भरवशावर आलेला माणूस पाखाडीच्या तोंडाशी अडकायचा आणि अरुंद रस्त्यावरून मागे येताना कुणाच्या तरी गडग्याला (दगडी कुंपणाला) गाडी घासायची. बाबा फाट्यावर उभे राहायचे त्याचं खरं कारण हे होतं. मी मात्र इतके दिवस "बाबांना सवय आहे" असं समजत होते.

खूण हलवायची विनंती केली, ती आठ दिवसांनी मान्य झाली. तोवर फाट्यापासून घरापर्यंतच्या पाच वळणांचे फोटो काढले आणि त्यावर बाण काढून एकच चित्र केलं. फाट्यावर आणि वाडीच्या वळणावर परावर्तक अक्षरांच्या दोन पाट्या लावल्या, १,४०० रुपये. मंडणगडच्या पुढे रेंज जाते-येते, म्हणून हे चित्र आदल्या संध्याकाळीच पाठवायचं आणि सोबत लिहायचं की नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा. निघाल्यावर पाठवलेलं चित्र उघडत नाही. दोन कुटुंबांच्या बाबतीत तसंच झालं.

सगळ्या कामात सगळ्यात जास्त फरक ह्या पाट्यांनी पडला.

११ नोव्हेंबर

नंबरची कुलपं. एकाची किंमत ८,७०० रुपये, तीन मागवली. किल्लीऐवजी सहा आकडे दाबायचे, प्रत्येक पाहुण्याला वेगळा नंबर, तो मी पुण्यातून बदलू शकते.

वाडीकडच्या दोन खोल्यांना सुताराने एका दिवसात बसवली, मजुरी २,२०० रुपये. ओटीच्या खोलीचं दार दोन झडपांचं आहे, सागवानी, आजोबांच्या वेळचं, वरून कडी-कोयंडा. हे कुलूप एकसंध दाराच्या कडेला बसतं. सुताराने मधल्या पट्टीवर बसवून बघतो म्हटलं आणि पटाशी लावलीही. आई म्हणाली, "ह्या दाराला भोक पाडू नका." मी थांबवलं. तिसरं कुलूप परत पाठवलं, त्यात ९०० रुपये कापले गेले. मागवण्याआधी दाराचा फोटो आणि जाडी दुकानदाराला पाठवली असती तर हे वाचलं असतं.

२४ नोव्हेंबर

दिवाळीचे दहा दिवस तिन्ही खोल्या भरलेल्या. फोन एका कुटुंबामागे चारवर आले. तीन कुटुंबं रात्री दहानंतर पोचली, बाबा झोपलेले होते. नंबर दाबून लोक आत गेले, सकाळी उठून चहा मागितला. मला वाटलं, काम झालं.

ओळखपत्रं: पूर्वी बाबा आधारचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवायचे. फोनमध्ये चारशेच्या वर फोटो निघाले, तेही कौटुंबिक फोटोंमध्ये मिसळलेले. सगळे पुसले. आता पाहुण्यांना आधीच सांगते की शेवटचे चारच आकडे दिसणारं, झाकलेलं आधार पाठवा. रजिस्टरमध्ये नोंद झाली की फोटो पुसायचा. रजिस्टर मात्र कागदाचंच, पाहुण्याच्या सहीचं.

१० डिसेंबर

आज एक अभिप्राय आला. चार तारे. "घर स्वच्छ, जागा सुंदर, नाश्ता चविष्ट. पण यजमानांची भेटच झाली नाही. नंबर दाबून आत गेलो, दुसऱ्या दिवशी निघालो. हॉटेलात राहिल्यासारखं वाटलं."

मी चिडून बाबांना फोन केला. "तुम्ही घरीच होतात ना? मग बोलला का नाहीत त्यांच्याशी?"

बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पूर्वी किल्ली द्यायला जायचो, तेव्हा दोन शब्द व्हायचे. कुठून आलात, जेवलात का, मुलगा कितवीत आहे. आता जायचं तर काय म्हणून जाऊ? ते दार लावून बसलेले असतात. आले कधी, गेले कधी, कळतही नाही."

रात्री आईने सांगितलं, संध्याकाळी चारला पाहुणे यायच्या वेळी ते अजूनही ओटीवर येऊन बसतात. गाडीचा आवाज येतो. लोक खळ्यातून सरळ वाडीकडे जातात, कारण माझ्या चित्रात बाण तसाच काढलेला आहे. बाबा बघत राहतात.

गुडघ्याचा त्रास वाचवताना मी त्यांच्याकडून हे काढून घेतलं. किल्ली देणं हे माझ्या हिशोबात निव्वळ काम होतं. त्यांच्यासाठी ते पाहुण्याच्या दाराशी जायचं निमित्त होतं.

१७ डिसेंबर

गावी येऊन तीन बदल केले.

नंबर आधी पाठवणं बंद. रात्री नऊच्या आत येणाऱ्याला नंबर बाबांकडूनच मिळेल, खळ्यात, कोकम सरबत देताना. नऊनंतर येणाऱ्यालाच मोबाइलवर.

चित्रातला बाण आता ओटीपर्यंतच जातो.

ओटीवर पाहुण्यांसाठी एक बाक टाकला. हा मला सुचला नव्हता, आईला सुचला. उभ्याने माणूस फक्त नंबर विचारतो, बसला की बोलतो.

संध्याकाळी मुंबईचं एक जोडपं आलं. बाबांनी नंबर सांगितला, मग विहिरीवरचा रहाट दाखवला, मग भरतीची वेळ सांगितली, मग कड्यावरच्या गणपतीला सकाळी लवकर जा म्हणजे वरून सुवर्णदुर्ग स्वच्छ दिसतो हे सांगितलं. ही सगळी माहिती मी लिहून ठेवलेल्या उत्तरांमध्ये आहे. त्यांनी ती वाचलेलीही होती. तरी वीस मिनिटं ऐकत बसले आणि निघताना, "काका, उद्या तुम्हीही चला ना वर," असं म्हणाले.

२ जानेवारी २०२४

वर्षअखेरीला दोन चुका, दोन्ही माझ्या.

पहिली दराची. नोव्हेंबरपासून महिना १,१०० रुपये देऊन एक सेवा घेतली होती. ती मागणी बघून खोलीचा दर आपोआप वरखाली करते. आमचा दर नाश्त्यासह २,२०० रुपये. ३१ डिसेंबरला तिने तो ६,९०० वर नेला. साताऱ्याच्या काकांच्या मुलाने बुकिंगच्या ॲपवर दर बघितला आणि आम्हाला काही न सांगता दुसरीकडे खोली घेतली. बाबांना हे फार लागलं. त्यांचं म्हणणं, गर्दी आहे म्हणून आमटीत मीठ वाढत नाही, मग दर तिप्पट कसा सांगायचा? सेवा जानेवारीपर्यंत भरलेली आहे, आजच बंद केली. एकूण ३,३०० रुपये गेले. आता वर्षाचे दोनच दर: साधा, आणि सुट्ट्यांचा ५०० रुपयांनी जास्त. दोन्ही ओटीवर लिहून लावले आहेत.

दुसरी चूक एका खोलीच्या दोन बुकिंगांची. दोन ॲपची कॅलेंडरं एकमेकांना जोडली होती. ती जोडणी लगेच होत नाही, मधे काही तास जातात. ३० तारखेला दुपारी एका ॲपवर खोली गेली, संध्याकाळी दुसऱ्यावरही तीच गेली. मला रात्री कळलं. दुसरं कुटुंब ताम्हिणी उतरून माणगावात पोचलं होतं, गाडीत लहान मूल.

शेजारच्या वहिनींनी त्यांची माडीवरची खोली उघडून दिली, गाद्या घातल्या, पाणी तापवलं. आम्ही त्या कुटुंबाकडून पैसे घेतले नाहीत आणि वहिनींना पूर्ण दिले: ३,५०० रुपये. कॅलेंडरची चूक माणसाच्या शब्दावर निभावली. अशी एखादी वहिनी शेजारी नसेल तर दोन ॲप एका वेळी चालवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. आता गर्दीच्या तारखा एकाच ठिकाणी उघड्या ठेवते आणि एक खोली कायम फोनवरच्या जुन्या पाहुण्यांसाठी राखते.

२१ जानेवारी

जेवणाचा फॉर्म. आमच्या स्वयंपाकघरात शाकाहारी. मासे हवे असतील तर डबा वहिनींकडून येतो, त्या हर्णै बंदरावरच्या लिलावातून आणतात. किती माणसं, काय खाणार, तिखट किती, कुठला मासा, असे चौदा प्रश्न मी फॉर्ममध्ये घातले.

माशांच्या यादीत सुरमई, पापलेट, बांगडा, कोळंबी. लोक सुरमईवर खूण करायचे आणि ती ठरली असं धरून यायचे. लिलावात त्या दिवशी सुरमई नसली की वहिनी दुसरं काही आणायच्या आणि पाहुणे हिरमुसायचे. मासा यादीतून निवडायची वस्तू नाही, हे मला किनाऱ्यावरच्या घरात वाढूनही फॉर्म लिहिताना आठवलं नाही. शिवाय १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. फॉर्म मात्र जूनच्या चौकशीलाही तीच यादी दाखवत होता.

आईने फॉर्म बाजूला ठेवला आणि फोन करायला सुरुवात केली. येण्याच्या आदल्या दुपारी, चार-पाच मिनिटं. "सोलकढी चालते ना? बाळ आहे तर मऊ भात वेगळा काढते. सासूबाईंचा गुरुवार आहे का?" फॉर्ममध्ये गुरुवारचा रकाना नव्हता. सासूबाईंचाही नव्हता.

तरीही फॉर्म पूर्ण काढला नाही, त्याला कारण आहे. मागच्या आठवड्यात एका तरुण पाहुण्याने फोनवर आईला "काही पण चालेल काकू" म्हटलं आणि फॉर्ममध्ये लिहिलं होतं की कोळंबीने घसा सुजतो. त्या दिवशी वहिनींच्या डब्यात कोळंबीच होती. बोलताना माणूस भिडेपोटी जे सांगत नाही ते लिहून देतो. म्हणून आता फॉर्म तीन प्रश्नांचा: माणसं किती, काय अजिबात चालत नाही, कुठलं औषध किंवा पथ्य. बाकी आईचा फोन.

१८ फेब्रुवारी

छोटी नोंद, पण महत्त्वाची. अमेरिकेत राहणारं एक मराठी कुटुंब आलं. दोन्ही मुलं घरात स्वच्छ मराठी बोलत होती, म्हणून बाबांनी नेहमीसारखी नोंद केली. रात्री मी रजिस्टरचा फोटो बघितला तर मुलांचे पासपोर्ट अमेरिकन. परदेशी नागरिक मुक्कामाला आला की त्याच्या माहितीचा सरकारी फॉर्म (२०२४ मध्ये त्याला सी-फॉर्म म्हणत) २४ तासांत ऑनलाइन भरावा लागतो, आणि त्यासाठी आपल्या जागेची नोंदणी आधी झालेली असावी लागते. माझी झालेली होती, म्हणून निभावलं. फॉर्म पुण्याहून भरला. पाहुणा यायच्या दिवशी नोंदणी करायला बसू नका.

१० मार्च

कासवांचा हंगाम. आमच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले अंडी घालतात. कासवमित्र ती हॅचरीत (अंडी जपायच्या कुंपणात) हलवतात आणि पिल्लं निघाली की समुद्रात सोडतात. ते बघायला लोक खास येतात.

बुकिंगच्या ॲपवर निरोप वेळ लावून ठेवता येतात. मी लावला होता: "उद्या सकाळी सातला पिल्लं सोडतात. साडेसहाला किनाऱ्यावर पोचा." काल दोन कुटुंबं पहाटे उठून गेली. घरट्यांवर उपड्या घातलेल्या टोपल्या उचलल्या, खाली एकही पिल्लू नव्हतं. सहा वर्षांची मुलगी रडत परत आली.

अंडी कधी घातली हे नोंदलेलं असतं. पण पिल्लं ४५ दिवसांनी येतील की ६० दिवसांनी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं. सात ही बघायची वेळ आहे, सोडायची वेळ पिल्लं ठरवतात. माझ्या निरोपाने नसलेला शब्द दिला होता.

निरोप काढून टाकला. आता एक कासवमित्र टोपली उचलल्यावर बाबांना फोन करतो आणि बाबा खोल्यांची दारं वाजवतात. किनारा जवळ आहे, पाच-सात मिनिटांत पोचता येतं. आज सकाळी बाबांची हाक मी पुण्यात फोनवर ऐकली: "चला, चला, आली!" त्या मुलीच्या आईवडिलांनी मुक्काम एक दिवस वाढवला होता.

२५ मार्च

शिमगा. पालखी घरी येणार म्हणून आईला पाहुणे नको होते, मी ॲपवर तारखा बंद करायला विसरले. दोन खोल्या लागल्या. पाहुण्यांना फोन करून सगळं खरं सांगितलं: ढोल-ताशे असतील, जेवणाला उशीर होईल, नको असेल तर पैसे परत. कुणी परत मागितले नाहीत. दोघी बायका आईबरोबर पुरणपोळ्या लाटायला बसल्या. पुढच्या वर्षी तारखा बंदच ठेवायच्या, कारण आई दमली.

१६ जून

पावसाने कुलपांची परीक्षा घेतली आणि कुलपं हरली. खारी हवा आणि ओल. एका कुलपाची बटणं दाबली तरी आकडे उमटेनात. दुसऱ्या खोलीचं दार फुगलं, कुलपाची जीभ चौकटीच्या भोकाला भिडेना, ते नुसतं पिपाणीसारखं वाजत राहिलं. त्यात लाईट गेलेली, त्यामुळे वायफाय नाही आणि मला पुण्याहून काही करता येईना. कोल्हापूरचे पाहुणे दीड तास पडवीत बसून राहिले.

अशा कुलपाबरोबर साधी किल्लीही येते. ती माझ्या पुण्याच्या कपाटात होती. ही माझी सगळ्यात मोठी चूक. शेवटी वायरमनने खालच्या बारीक भोकातून पॉवर बँक लावून एक दार उघडलं, दुसऱ्याची चौकट तासावी लागली. तेवढ्या वेळात आईने आंबोळ्या घातल्या आणि बाबांनी त्यांना फणसाचे गरे काढून दिले. पाहुण्यांनी पाच तारे दिले. म्हणून कुलपाचा दोष कमी होत नाही.

आता दोन्ही दारांना साधी कडी आणि कुलूप पुन्हा लावलं. नंबरची कुलपं काढून, पुसून, तांदळाच्या डब्याशेजारी कोरड्या जागी ठेवली. ती ऑक्टोबर ते मे एवढीच वापरायची. किल्ल्या देवघराच्या खुंटीला. राउटरला छोटी बॅटरी जोडली, १,८५० रुपये.

२३ जून

आजवरचा खर्च: कुलपं १८,३००, सुतार २,२००, पाट्या १,४००, दराची सेवा ३,३००, दोनदा गेलेल्या खोलीचे ३,५००, राउटरची बॅटरी १,८५०. एकूण ३०,५५० रुपये. यातले कुलपांचे आणि सेवेचे पैसे मी पुन्हा खर्च करणार नाही. पाट्यांचे लगेच करीन.

फोन एका कुटुंबामागे पाच. त्यातला एक आईचा, तो आम्हीच करतो.

बाबा रात्री फाट्यावर जात नाहीत. उशिरा येणाऱ्यासाठी पडवीतला दिवा चालू असतो आणि किल्ली तुळशीच्या कोनाड्यात, जागा फोनवरच सांगतो. काल बाबांनी वहीत नवं पान सुरू केलं: पाहुण्याचं गाव, मुलांची नावं, कोण काय खात नाही. मला म्हणाले, हे तुझ्या फोनमध्येही टाक, मी विसरलो तर तू आठवण कर. दर रविवारी रात्री ते वाचून दाखवतात आणि मी टाइप करते.

यंदा चतुर्थी ७ सप्टेंबरला. ५ ते १२ सप्टेंबर तिन्ही खोल्या आजच बंद केल्या, दोन्ही ॲपवर, आणि बाबांच्या वहीतही.